सिस्टरच्या ट्रेमधला एअरब्रश

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे लोक हमखास फसतात. कुणाला मी जाडजूड पेन वाटतो, तर कुणाला दातांच्या डॉक्टरांचे हत्यार. एकदा शेजारच्या काकूंनी मला हातात घेऊन गंभीरपणे विचारले होते की याने कानातला मळ काढतात का. तेव्हा मी बराच वेळ गाल फुगवून बसलो होतो. मी एअरब्रश आहे. आता पुष्कळ जुना झालो आहे. जिथे अंगठा टेकतो तिथली माझी चकाकी उडून खालचे पितळ दिसू लागले आहे. पण माझ्या तोंडातून अजूनही केसाएवढी बारीक रेघ निघते, आणि म्हातारपणीही ती का निघते हेच मला तुम्हांला सांगायचे आहे.

मी ब्रश आहे, पण मला केस नाहीत. माझ्या डोक्यावर रंगाची एक लहानशी वाटी आहे. माझ्या पोटातून एक लांब सुई जाते आणि तिचे टोक माझ्या तोंडातल्या बारीक नोझलमध्ये बसते. कंप्रेसर नावाचे यंत्र नळीतून मला हवा पुरवते. माझ्या पाठीवरचा खटका खाली दाबला की हवा सुटते आणि तोच मागे ओढला की सुई सरकून रंग येतो. दोन्ही गोष्टी एकाच बोटाने, एकाच वेळी करायच्या असतात. ज्याला ते जमते त्याच्या हातून मी रंगाचे धुके उडवतो. ज्याला जमत नाही त्याच्या हातून मी चिखल उडवतो, आणि बोल मात्र मलाच लागतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या दांड्यातून लेथवर मला कातून काढले, मग माझ्यावर चकचकीत मुलामा चढवला. शेवटच्या टेबलावर चष्मा लावलेल्या एक बाई बसत. त्यांनी माझ्या वाटीत काळ्या शाईचा एक थेंब टाकला, कागदावर रेघ ओढली, ती उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी. मग मला मखमली खोबणीच्या डबीत झोपवले आणि मी एका दुकानाच्या काचेमागे जाऊन पडलो. तिथून मला मालकांनी घरी आणले.

मालक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पंपांचे आणि नळांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गाड्यांच्या लहान प्रतिकृती बनवायच्या, हा त्यांचा क्रम. आता बहुतेक हौशी लोकांना लढाऊ विमाने आवडतात, रणगाडे आवडतात. आमच्या मालकांचे सगळेच उलटे. ज्या गाड्यांकडे रस्त्यात कुणी मान वळवूनही बघत नाही, नेमक्या त्याच त्यांना आवडत. डांबर दाबणारा रोड रोलर, गटार उपसणारी गाडी, पाण्याचा टँकर, बंद पडलेल्या बस ओढून नेणारी क्रेन. तळहातावर मावतील अशा या गाड्या ते प्लास्टिक आणि पत्र्याचे तुकडे जोडून बनवत, आणि मग माझी पाळी येई. नवा कोरा रंग तर कुणीही देईल. पण उन्हाने विटलेला रंग, चाकावरचा वाळका चिखल, नळीच्या तोंडाशी धरलेला गंज, हे सगळे माझ्या तोंडून थरावर थर उतरायचे.

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात सगळ्यांत वरच्या फळीवर कचरागाडी होती. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघत आणि मग एकमेकांकडे. एका प्रदर्शनात मालकांनी ती मांडली होती. एक गृहस्थ जवळ येऊन वाकले, निरखून पाहू लागले आणि नकळत त्यांनी नाकाला रुमाल लावला. मालकांना त्या दिवशी बक्षीस मिळाले नाही, पण त्या रुमालाची गोष्ट त्यांनी पुढे वर्षानुवर्षे सांगितली.

असा माणूस, हाताचा इतका हळुवार, पण काम झाले की त्यांचे माझ्याकडे लक्षच नसे. रंगवताना डोळ्यांत तेल घालून बसायचे आणि रंगवून झाले की मला टेबलावर टाकून गाडी न्याहाळत बसायचे. मित्रांनो, आम्हां एअरब्रशांचे एक दुखणे आहे. भिंतीवरचा रंग वाळला तर लोक खूश होतात. आमच्या पोटातला रंग वाळला तर आम्ही मुके होतो. पहिल्या काही आठवड्यांतच माझी दोनदा बोलती बंद झाली. मालक मला पाण्याच्या कपात उभे करून चमच्याने ढवळत असताना सिस्टर कामावरून घरी आल्या.

सिस्टर म्हणजे मालकांच्या पत्नी. त्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. गल्लीतले सगळे त्यांना सिस्टरच म्हणत आणि लाडात आले की मालकही तसेच हाक मारत. चिमटे, कात्र्या, सुया उकळून, पुसून, मोजून ठेवण्यात त्यांचा दिवस जाई. कपात उभा असलेला मी पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डॉक्टर ऑपरेशन संपवून हत्यारं टाकून निघून जातात, कारण मागे आम्ही असतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागे कोण आहे?"

"तू आहेस की," मालक हसत म्हणाले.

त्यांनी गंमत केली होती, पण झाले तसेच. सिस्टरनी मला कपातून बाहेर काढले, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुना स्टीलचा ट्रे ठेवला, इस्पितळात असतो तसा, काजूच्या आकाराचा, आणि मला उघडले. तो दिवस आणि पुढची सगळी वर्षे, रंगवणारे मालक आणि धुणाऱ्या सिस्टर अशी वाटणी होऊन गेली.

सिस्टरचे धुणे म्हणजे काय होते ते सांगतो. आधी त्या वाटीतला उरलेला रंग पुसून घेत. मग वाटीत रंग विरघळवणारे द्रव भरत आणि कागदावर स्वच्छ फवारा येईपर्यंत खटका ओढत. नंतर फडक्याने माझे तोंड दाबून धरत, म्हणजे हवा उलटी फिरून वाटीत गुडगुड करी आणि कोपऱ्यात लपलेला रंग वर येई. मला त्याच्या गुदगुल्या होत. मग शेपटाकडची टोपी काढायची, आतली सुई धरून ठेवणारी मळसूत्री चकती सैल करायची आणि सुई मागच्या बाजूने सावकाश बाहेर ओढायची. "झालं हं, झालं," असे त्या मला म्हणत, जसे भूल उतरलेल्या पेशंटला म्हणत असतील. सुई पुसताना फडके नेहमी जाड बाजूकडून टोकाकडे न्यायचे, उलटे कधीच नाही, कारण टोक वाकले की संपले. शेवटी नोझल उतरवून आतून पुसायचे. घाणेरडे काहीही रात्रभर ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम होता. इस्पितळातही आणि घरातही.

आणि मालक? मला ट्रेमध्ये ठेवले की ते बाहेरच्या खोलीत जाऊन रेडिओ लावत. सिस्टर बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या राहत. मधे एक भिंत असे. दोघांत भांडण नव्हते, अबोला नव्हता. सवय होती. सिस्टर कधी कधी धुता धुता एखादी गोष्ट सांगू लागत आणि मग त्यांच्या लक्षात येई की मागे कुणीच नाही. मग त्या ती गोष्ट मलाच सांगून टाकत.

सुरुवातीला मालक तेलातले रंग वापरत आणि सिस्टर मला टर्पेंटाइनने धूत. त्या वासाने सिस्टरना खोकला येऊ लागला. तेव्हा मालकांनी सगळ्या बाटल्या बाजूला केल्या आणि पाण्यात मिसळणारे रंग आणले. रंग बदलला तसे सिस्टरनी माझे धुणेही बदलले. टर्पेंटाइनची बाटली माळ्यावर गेली आणि तिच्या जागी स्पिरिट आले. हे त्यांनी मालकांना सांगितले नाही, कारण धुण्यातले मालकांना काय कळणार होते?

अशी वर्षे गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मालक निवृत्त झाले, मागोमाग सिस्टरही झाल्या. कपाटाच्या फळ्या भरत गेल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते असे विचारलेत तर मी त्याच संध्याकाळींकडे बोट दाखवीन. कंप्रेसरची घरघर, रेडिओचा बारीक आवाज आणि सिस्टरच्या कोमट हातात माझे तुकडे तुकडे होऊन पडणे.

मग तो दिवस आला. मालक एका रोड रोलरला पिवळा रंग देत होते. माझी वाटी काठोकाठ भरलेली होती. आत स्वयंपाकघरात स्टीलचे भांडे पडल्याचा आवाज झाला. मालकांनी हाक मारली. उत्तर आले नाही. त्यांनी मला टेबलावर टाकले आणि धावत आत गेले. नंतर मी शेजाऱ्यांच्या चपला वाजताना ऐकल्या, कुणीतरी फोनवर पत्ता सांगत होते, मग दार लागले. कंप्रेसर बराच वेळ घरघरत राहिला आणि शेवटी कुणीतरी परत येऊन त्याचे बटण बंद केले. माझ्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. जायचे कारणही नव्हते.

रंग आधी वाटीच्या काठाशी वाळला, मग वर साय धरली, मग तो सुईला चिकटला. मला राग आला नाही. मला भीती वाटत होती. जी बाई घाणेरडे काही रात्रभर ठेवत नाही, ती मला धुवायला येत नाही याचा अर्थ मला कळत होता.

सिस्टर दोन माणसांच्या आधाराने घरी आल्या. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. पाय हळूहळू चालू लागला, बोलणे तुटक झाले, पण उजवा हात मांडीवर पडून राही. बोटांच्या टोकांना स्पर्श कळत नव्हता. व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओबाई येत. त्यांनी रबरी चेंडू आणला, भोकांत खुंट्या बसवायची पाटी आणली. हात आत्ता वापरला तर परत येईल, पडून राहिला तर आखडेल, असे त्या रोज समजावत. सिस्टरनी हेच वाक्य किती पेशंटना सांगितले असेल. पण त्या चेंडूकडे बघतही नसत. खुंट्यांची पाटी पुढे केली की तोंड भिंतीकडे फिरवत. लेक फोनवर रडली, रागावली, हाता-पाया पडली. मालक चेंडू त्यांच्या तळव्यात ठेवत आणि तो घरंगळून पलंगाखाली जाई. मग ते वाकून तो काढत. दिवस निघून चालले होते आणि हात तसाच होता.

एका सकाळी मालक माझ्या खोलीत आले. अर्धा पिवळा रोड रोलर तिथेच होता. मला वाटते, घरातला नेहमीचा आवाज ऐकून सिस्टरना बरे वाटेल अशी त्यांची समजूत झाली असावी. त्यांनी कंप्रेसर लावला, मला उचलले आणि खटका ओढला. नुसतीच हवा फुसफुसली.

त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि मग त्यांचा चेहरा पडला. ज्या माणसाने माझ्याकडून गंज, चिखल आणि ऊन रंगवून घेतले, त्याला मला उघडायचे कसे हे माहीत नव्हते. त्यांना जुने टर्पेंटाइन आठवले. स्टुलावर चढून त्यांनी ती बाटली माळ्यावरून काढली आणि माझ्या वाटीत ओतली. वाळलेला रंग जागचा हलला नाही. तेव्हा रस्ता मोकळा झाला का ते बघायला त्यांनी वरून पाण्याचा ताजा रंग घातला. टर्पेंटाइनमध्ये तो दूध नासावे तसा नासला आणि त्याच्या पिवळ्या गाठी झाल्या. मालकांची भंबेरी उडाली. त्यांनी पक्कड घेतली आणि मधली चकती सैल न करताच टोपीच्या खाचेतून दिसणारे सुईचे शेपूट धरून हिसडा दिला. सुई निघेना म्हणून ती आत ढकलली. माझ्या पोटातून किंकाळीसारखा आवाज निघाला आणि सुईचे टोक वाकले.

"ती पक्कड... खाली ठेवा."

आवाज पलीकडच्या खोलीतून आला होता; धातूवर धातू घासल्याचे सिस्टरनी तिथूनच ओळखले होते. आजारपणानंतर सिस्टर पहिल्यांदाच एक सबंध वाक्य बोलल्या होत्या. मालक पक्कड हातात तशीच धरून धावत त्यांच्याकडे गेले. मग परत येऊन मला घेऊन गेले, नासलेल्या रंगासकट, वर्तमानपत्रावर ठेवून.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिले. मग मालकांकडे पाहिले. मालक मान खाली घालून उभे होते.

"ट्रे," सिस्टर म्हणाल्या. "स्पिरिट. फडकं."

मालक तिन्ही वस्तू घेऊन आले. सिस्टरनी डाव्या हाताने मला उचलले. वाटी पुसली. पण माझ्या शेपटाची टोपी काढायची तर एका हाताने मला धरावे लागते आणि दुसऱ्याने फिरवावे लागते. त्यांनी मला गुडघ्यांत धरून पाहिले, मी निसटलो. मालकांनी हात पुढे केला. "तुम्ही... नको," त्या म्हणाल्या, आणि मालकांनी हात मागे घेतला. मग सिस्टरनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि माझ्यावर आणून ठेवला.

ती बोटे मला ओळखीची होती, पण त्या दिवशी ती परक्यासारखी होती. ती घसरली. पुन्हा आली. पुन्हा घसरली. सिस्टरच्या कपाळावर घाम आला, ओठ दाबले गेले. मालक शेजारी खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी फक्त टोपी निघाली. सिस्टर दमून उशीला टेकल्या आणि मला स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायला सांगितले, पण आतली रबरी कडी आधी काढून, कारण स्पिरिटमध्ये ती फुगते. ती कुठे असते हे मालकांना बोटाने दाखवावे लागले. इतक्या वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी फिजिओबाई आल्या तेव्हा सिस्टर सुईवरची चकती फिरवायच्या खटपटीत होत्या. बाई दारातच थांबल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि रबरी चेंडू हळूच पिशवीत परत टाकला.

रोज थोडे थोडे काम चाले. स्पिरिटने रंग मऊ पडला, त्याचे धागे सुटू लागले. चकती सैल झाली. नोझल दैवाने शाबूत होते. शेवटी सुई बाहेर आली. तिचे टोक गळासारखे वळले होते.  दुसरी सुई मिळते का म्हणून मालक दुकानांत विचारून आले, पण माझ्या जातीचे भाग बनणे केव्हाच बंद झाले होते.

सिस्टरनी कपाटातली काचेची फळी मागितली. मालकांनी गाड्या उतरवून ती आणून दिली. सुई काचेवर आडवी ठेवून बोटांखाली हळूहळू गोल फिरवायची, टोक जिथे अडेल तिथे किंचित दाबायचे, पुन्हा फिरवायची. वाकडेपणा इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही. तो बोटालाच कळावा लागतो. सिस्टरनी डाव्या हाताने करून पाहिले. तो हात असल्या कामाला तयार झालेला नव्हता. मग उजवा हात काचेवर आला. सुई फिरत राहिली. मालक खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल असे. 

मग सिस्टर थांबल्या. त्यांनी बोट मागे घेतले आणि पुन्हा त्याच जागी नेले.

"इथं अडतंय," त्या म्हणाल्या. "अहो... मला कळतंय."

मालकांनी काचेवरून तो हात उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. ते रडत होते. इस्पितळात, घरी, लेकीच्या फोनवर इतके दिवस आवरून धरलेले सगळे त्या वेळी बाहेर आले. सिस्टर त्यांना रडू देत होत्या. मग त्या म्हणाल्या, "सोडा आता. सुई राहिली आहे माझी."

सुई सरळ झाली. अगदी नव्यासारखी नाही, पण मी पुन्हा माझ्यासारखा झालो. जोडणी झाल्यावर मालकांनी आग्रह धरला की पहिला फवारा सिस्टरनीच मारायचा. धुताना खटका ओढणे वेगळे; रंगाची रेघ सिस्टरनी जन्मात कधी ओढली नव्हती. रेघ वाकडी गेली, कागद सोडून मालकांच्या सदऱ्यावर गेली आणि खिशापासून बाहीपर्यंत पिवळी झाली. दोघे इतके हसले की शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या.

त्यानंतर वाटणी बदलली. मालकच रंगवतात आणि मालकच धुतात. सिस्टर शेजारी बसून सांगतात. आधी मालकांची फार तारांबळ उडे. सुई उलटी पुसली की सिस्टर नुसत्या घसा खाकरत आणि मालक दचकून फडके फिरवत. पण आता रेडिओ बंद असतो. ट्रे दोघांच्या मधे असतो. मालक मला पुसता पुसता बोलतात. कचेरीत कोणत्या साहेबांना कसे टाळायचे ते, लेक झाली तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून आपण काय काय नवस मनात बोललो ते, आणि त्या दिवशी भांडे पडल्यावर हाकेला उत्तर आले नाही तेव्हा आपल्याला काय वाटले तेही. सिस्टर ऐकतात. पूर्वी ज्या गोष्टी त्या एकट्या मला सांगत, त्या आता मालकांना सांगतात. मला थोडी असूया वाटते, पण ते असो.

फिजिओबाईंचे येणे थांबले त्या दिवशी जाताना त्यांनी मालकांना दारात गाठले. माझी खोली दाराला लागून आहे, म्हणून मला ऐकू आले. हात छान सुधारतो आहे, पण आता तो सुटू देऊ नका, त्याला रोज काहीतरी बारीक काम मिळाले पाहिजे, असे त्या सांगत होत्या. मालकांनी नुसती मान हलवली.

मित्रांनो, आता मी तुम्हांला दोन गुपिते सांगणार आहे. पहिले सिस्टरचे. त्यांचा हात आता जवळजवळ पूर्ण बरा झाला आहे. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण रोज मला धुऊन झाले की मालक पिशवी घेऊन भाजी आणायला बाहेर पडतात आणि दार लागले की सिस्टर उठून मला उघडतात. उजव्या हाताने, झरझर, थिएटरमधली हत्यारे उघडत असतील तशा. नोझलच्या मागच्या कंगोऱ्यात रोज रंगाचा एक लहानसा डाग राहिलेला असतो. सिस्टर तो टिपून काढतात, "काय बाई हे," असे पुटपुटतात, मला जसा होतो तसा जोडून ठेवतात आणि जाऊन बसतात. मालक आले की हात परत मांडीवर लुळा पडलेला असतो. हात बरा आहे असे त्यांनी सांगितले, तर ट्रे पुन्हा बेसिनपाशी जाईल आणि मालक पुन्हा रेडिओपाशी जातील, ही त्यांची भीती आहे. एवढ्या आयुष्यात त्यांना मिळालेली सोबत त्यांना घालवायची नाही.

दुसरे गुपित मला पुष्कळ उशिरा कळले. मला नेहमी आश्चर्य वाटायचे की ज्या माणसाला केसाएवढ्या रेघेतला फरक दिसतो, त्याला तो डाग कसा दिसत नाही? आणि रोज नेमका त्याच जागी कसा राहतो? मग एके दिवशी मी लक्ष ठेवले. सिस्टर चहा ठेवायला आत गेल्या होत्या. मालकांनी फडक्याचे टोक वळून माझ्या नोझलमागे नेले, डागाच्या अगदी कडेपर्यंत आणले, आणि थांबले. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. फडके बाजूला ठेवले. सुई बसवली, टोपी लावली आणि आत वळून मोठ्याने म्हणाले, "बघ, आज कसा लख्ख केलाय. मी जरा भाजी घेऊन येतो."

आतून सिस्टर म्हणाल्या, "सावकाश या. घाई नाही."

मित्रांनो, माझी तुम्हांला हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे एअरब्रश असो, पेन असो, सायकल असो की शिलाईचे यंत्र, काम झाले की त्याला लगेच पुसून ठेवा. घरात तुमच्या मागून कुणी काही धूत असेल, तर एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि ते काम शिकून घ्या. आम्हां वस्तूंच्या पोटात काही वाळू देऊ नका, एक ठिपकाही ठेवू नका.

फक्त आमच्या घरी कधी आलात आणि माझ्या नोझलमागे एक डाग दिसला, तर तो मात्र पुसू नका.